ढालीच्या कोपऱ्यातला तो लहान चौकोन

प्रश्न थोडक्यात असा: घरात आलेल्या एका जुन्या चांदीच्या ट्रेवर इंग्रजी धाटणीची ढाल कोरलेली आहे. ढालीचे चार खण आहेत. डावीकडच्या वरच्या खणाच्या कोपऱ्यात आणखी एक लहान चौकोन आहे आणि त्यात उघडा पंजा. हा चौकोन पाचवा भाग धरायचा का? त्याला ‘कँटन’ म्हणतात हे खरे का? आणि भारतीय नौदलाच्या ध्वजाच्या कोपऱ्यालाही कँटनच म्हणतात, तर दोन्हींचा काही संबंध आहे का?

आधी सरळ उत्तर. तो पाचवा भाग नाही, कँटन आहे. चार खण बहुधा वारशाने आलेले आहेत. कँटन मात्र वारशाच्या वाटणीत येत नाही, तो वरून ठेवलेला असतो: कधी राजाने बक्षीस म्हणून दिलेला, कधी पदवीबरोबर आलेला, तर कधी ‘हा रक्ताचा वारस नव्हे’ एवढे सांगण्यासाठी लावलेला. सातबाऱ्यावर भोगवटादाराचे नाव एकीकडे आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना दुसरीकडे असतो, तसा हा मामला आहे. जुन्या चांदीवरच्या, शिक्क्यांवरच्या आणि थडग्यांवरच्या ढाली ओळखून देणे हे माझे रोजचे काम. त्यात लोकांची सर्वांत जास्त गल्लत होते ती इथेच. कोपऱ्यातला चौकोन हे आणखी एक घराणे समजून त्याचे नाव शोधत बसतात, आणि ते नाव कुठे नसतेच.

आता नीट पाहू. ढालीचे डावे-उजवे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या नव्हे. तुमच्या डाव्या हाताला दिसते ती ढालवाल्याची उजवी. तिला डेक्स्टर म्हणतात आणि मान तिचा मोठा. दुसरी सिनिस्टर. वरचा भाग चीफ, खालचा बेस. कँटन बसतो डेक्स्टर चीफमध्ये, म्हणजे ढालीवरच्या सर्वांत मानाच्या कोपऱ्यात. सिनिस्टर बाजूचा कँटनही सापडतो, पण क्वचित, आणि तसा असेल तर वर्णनात तो मुद्दाम सांगावा लागतो. नुसते कँटन म्हटले की डेक्स्टरचाच धरायचा.

यानंतर मी एकच गोष्ट बघतो: ढाल कापलेली आहे, की तिच्यावर काही ठेवलेले आहे? मधोमध उभी रेघ मारून अर्धी ढाल लाल आणि अर्धी निळी केली, तर ती ‘पर पेल’ विभागणी. तिथे दोन्ही रंग एका पातळीवर असतात, कोणी कोणावर नाही. पण लाल ढालीच्या मधून निळा उभा पट्टा सोडला, तर तो ‘पेल’. तो लाल जमिनीवर ठेवलेला आहे. प्रत्येक पट्ट्याची अशी एक जोडीदार विभागणी असते. आडवा पट्टा फेस, तर आडवी कापणी पर फेस. तिरका पट्टा बेंड, तर तिरकी कापणी पर बेंड. उलट्या व्ही आकाराचा शेव्हरॉन, फुलीचा सॉल्टायर, यांचेही तसेच. क्रॉस हा पट्टा, आणि त्याच दोन रेघांनी ढाल कापली की ती क्वार्टरली. कागदावर रंग भरलेले असतात तेव्हा हा फरक डोळ्यांना चटकन कळतो. दगडावर रंग उडून गेलेले असतात. तिथे चांगला कारागीर ठेवलेली वस्तू किंचित उठवून कोरतो आणि कापलेला भाग सपाट ठेवतो, म्हणून बोट फिरवून पाहणे हा उत्तम उपाय आहे.

चांदीवर रंग नसतात, पण रेघा असतात, आणि त्या रेघा म्हणजेच रंग. सतराव्या शतकात ही पद्धत रूढ झाली. सिल्वेस्त्रो दा पिएत्रासांता या जेझुइट पाद्र्याने 1638 मध्ये छापलेल्या ग्रंथामुळे ती सगळीकडे पोहोचली. उभ्या बारीक रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. ठिपके म्हणजे सोने, कोरी जागा म्हणजे चांदी. उभ्या-आडव्या रेघांची जाळी असेल तर काळा. तुमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघा हिरव्या, उलट दिशेच्या जांभळ्या. भिंग घेऊन तुमच्या पंजाकडे बघा. पंजावर उभ्या रेघा आणि त्याभोवती कोरी जागा असेल, तर तो चांदीच्या जमिनीवरचा लाल हात आहे. मग निम्मा निकाल लागलाच.

तो हात आहे अल्स्टरचा. राजा पहिला जेम्स याने 1611 मध्ये बॅरोनेट ही पदवी काढली, ती उघडउघड पैसे उभे करण्यासाठी. आयर्लंडच्या उत्तरेत, अल्स्टरमध्ये, वसाहत वसवायची होती आणि तिथे फौज ठेवायला पैसा हवा होता. पदवी घेणाऱ्याने तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार भरायचा, दर शिपायामागे रोज आठ पेन्स. हिशोब 1095 पौंडांवर जातो. त्याच्या बदल्यात पिढीजात ‘सर’ आणि ढालीवर अल्स्टरचा लाल पंजा लावायची मुभा. हा पंजा कँटनमध्ये लावता येतो किंवा ढालीवर ठेवलेल्या छोट्या ढालीत, जिला इनएस्कचन म्हणतात. जागा कोणती, हे बाकीचे चित्र कुठे मोकळे आहे त्यावर ठरते. ढालीच्या मध्यावर आधीच बायकोकडची छोटी ढाल बसली असेल, तर पंजाला कोपऱ्यात सरकावे लागते.

बॅरोनेटचा हात डावा असतो. तळवा आपल्याकडे आणि बोटे वर, असा डावा हात समोर धरला की अंगठा बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला येतो. स्वतःचा हात आरशासमोर नव्हे, दुसऱ्या माणसासमोर धरून खात्री करून घ्या. अंगठा उजवीकडे दिसत असेल तर तो उजवा हात. तो आयर्लंडच्या ओनील घराण्याच्या ढालीवरचा असू शकतो, आणि मग बॅरोनेटचा विषयच संपला. लाखेवरच्या शिक्क्यांच्या बाबतीत जरा जपून. शिक्क्याचा ठसा आणि शिक्का स्वतः यांत डावे-उजवे उलटते, त्यामुळे तुमच्यासमोर काय आहे ते आधी ठरवा. ट्रेच्या बाबतीत ती भानगड नाही.

मुंबईकरांना हा पंजा परका नाही. जमशेटजी जीजीभॉय यांना 1842 मध्ये ‘सर’ केले गेले आणि 1857 मध्ये बॅरोनेट, भारतातले पहिले. त्यांच्या ढालीवर निळ्या जमिनीवर घाटाचे डोंगर, त्यामागून उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या आहेत. लंडनच्या हेरल्ड लोकांनी, म्हणजे ढालींची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, वर्णनात ‘मुंबईजवळचे घाट’ असे चक्क लिहून ठेवले आहे. सह्याद्रीला इतका अधिकृत मान त्या दप्तरात क्वचितच मिळाला असेल! पुढे दिनशा माणेकजी पेटिट, कावसजी जहांगीर, करीमभॉय इब्राहिम ही मुंबईची घराणीही बॅरोनेट झाली. त्यामुळे इकडच्या जुन्या चांदीवर लाल पंजा दिसला म्हणून ट्रे विलायतेतूनच आला असेल असे नाही.

बरे, पंजा नसलेले कँटन कशाचे? इथे थोडे मागे जावे लागेल.

कँटन आणि क्वार्टर या दोन गोष्टी मुळात वेगळ्या नव्हत्या. क्वार्टर म्हणजे ढालीचा वरचा चतुर्थांश. मध्ययुगातल्या ढालींच्या याद्यांत तेवढाच शब्द येतो. पुढे चित्र जास्त झाकले जाऊ नये म्हणून तो चौकोन आक्रसत गेला आणि लहानाला कँटन हे नाव चिकटले. पुस्तके सांगतात की कँटन ढालीच्या नवव्या हिश्शाएवढा असावा. प्रत्यक्षात कोणी पट्टी लावून मोजत नाही. आत काय काढायचे आहे त्यावर तो लहान-मोठा होतो. आत तीन सिंह बसवायचे असतील तर चित्रकार थोडी जागा वाढवून घेतोच.

कँटनचा जुना आणि सुंदर नमुना पाहायचा असेल तर फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये, दक्षिणेकडच्या खिडक्यांत बघावे. द्रू या घराण्याची ढाल सोनेरी-निळ्या चौकडीची, कडेला लाल किनार. त्या घराण्यातला पिएर हा धाकटा मुलगा. धाकट्याने थोरल्याची ढाल जशीच्या तशी लावायची नाही, काहीतरी फरक दाखवायचा, हा नियम. पिएरने कोपऱ्यात अर्मिनचा चौकोन लावला. अर्मिन म्हणजे पांढऱ्या जमिनीवर काळ्या शेपट्यांचे ठिपके, थंडीत पांढऱ्या होणाऱ्या त्या प्राण्याच्या कातड्यासारखे. 1213 मध्ये लग्नाच्या जोरावर तो ब्रिटनीचा, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या मुलखाचा, ड्यूक झाला आणि हा कोपरा ब्रिटनीवर राज्य करू लागला. शंभरेक वर्षांनी त्याच्याच वंशातल्या तिसऱ्या जाँने चौकडी काढून टाकली आणि संपूर्ण ढाल अर्मिनची केली. धाकटेपणाची खूण म्हणून आलेला कोपरा मूळ ढालीला गिळून बसला! ब्रिटनीच्या आजच्या ध्वजाच्या कोपऱ्यात तेच काळे ठिपके आहेत.

इंग्लंडमध्ये कँटनचा मुख्य उपयोग झाला तो राजाची मर्जी दाखवायला. याला ऑगमेंटेशन म्हणतात, म्हणजे आहे त्या ढालीत घातलेली मानाची भर. 1651 मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स जीव वाचवत पळत होता. त्याला पकडून देणाऱ्याला 1000 पौंडांचे बक्षीस लागले होते. स्टॅफर्डशायरमधल्या बेंटली हॉलच्या जेन लेन या तरुणीने त्याला नोकर म्हणून सोबत घेतले आणि घोड्यावरून ब्रिस्टलच्या बाजूला पोहोचवले. राजा परत गादीवर आल्यावर लेन घराण्याच्या ढालीच्या कोपऱ्यात इंग्लंडचे तीन सोनेरी सिंह आले, लाल जमिनीवर, राजाच्या स्वतःच्या ढालीवर असतात तसेच. राजाने प्रजेला आपलेच चिन्ह द्यावे, याहून मोठा मान त्या काळी ढालीवर मावत नव्हता.

लेनच्या ढालीत आणखी एक गंमत आहे, आणि कँटन म्हणजे काय हे तिच्याइतके चांगले कुठेच दिसत नाही. मूळ ढाल आडवी कापलेली, वर सोने, खाली निळी. मध्ये लाल शेव्हरॉन आणि त्याच्याभोवती तीन चांदण्या, दोन वर आणि एक खाली. आता वरच्या मानाच्या कोपऱ्यात कँटन ठेवला की एक चांदणी त्याच्याखाली जाते. वर्णनात मात्र ‘तीन चांदण्या’ असेच लिहायचे. डोळ्यांना दोन दिसतात, कागदावर तीन, आणि दोन्ही बरोबर, कारण कँटन त्या चांदणीच्या जागी आलेला नाही, तिच्यावर आलेला आहे. ढालीला किनार असेल तर कँटन किनारीवरही चढतो. हौशी चित्रकार इथे हमखास फसतात. चांदणी दिसावी म्हणून तिला बाजूला सरकवतात किंवा तिन्ही चांदण्या लहान करून उरलेल्या जागेत कोंबतात. मग ती लेनची ढाल राहतच नाही.

तिसरा उपयोग रूक्ष आहे, पण दप्तरात वारंवार भेटतो. एखाद्याला इस्टेट मिळते ती या अटीवर, की देणाऱ्याचे आडनाव आणि ढाल लावावी. राजाचा परवाना घेऊन तो ते लावतो, पण त्या घराण्याचे रक्त त्याच्यात नसेल तर ढालीवर एखादा कोरा कँटन किंवा लहानसा क्रॉस घालून तसे दाखवावे लागते. म्हणजे कँटनमध्ये काहीच नसेल तर ‘चित्र पुसले गेले’ असे लगेच म्हणू नका. कोरेपणाच तिथला मजकूर असू शकतो.

एक अपवाद चटकन सांगून टाकतो. वुडव्हिल घराण्याच्या ढालीवर चांदीच्या जमिनीवर लाल फेस आणि लाल कँटन आहेत, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले. मधली रेघ काढतच नाहीत, त्यामुळे एकच तांबडा ठोकळा दिसतो. चौथ्या एडवर्डची राणी एलिझाबेथ वुडव्हिल ती याच घराण्यातली. इथे कँटन बक्षीस नाही की फरक नाही, मूळ रचनेचाच भाग आहे.

आता तुमच्या ट्रेवर कँटन पहिल्या खणाचा आहे की संपूर्ण ढालीचा, हे कसे ठरवायचे? याला माझ्याकडे एक साधी कसोटी आहे: चौथा खण बघा. दोन घराण्यांची ढाल एकत्र करताना पहिली ढाल पहिल्या आणि चौथ्या खणात येते, दुसरी ढाल दुसऱ्या आणि तिसऱ्या खणात. क्रम नेहमी मानाच्या कोपऱ्यापासून, ओळीने, आपण मराठी वाचतो तसाच. कँटन त्या घराण्याच्या ढालीचाच भाग असेल तर तो चौथ्या खणातही पुन्हा दिसेल. फक्त पहिल्यात आहे आणि चौथ्यात नाही, तर तो संपूर्ण ढालीवर ठेवलेला आहे. पहिल्या खणाशी त्याचा संबंध एवढाच, की तो त्याची जागा अडवून बसला आहे.

या कसोटीचा उत्तम सराव करायचा तर मार्लबरोच्या ड्यूकांची, म्हणजे चर्चिल घराण्याची ढाल समोर ठेवावी. पहिल्या आणि चौथ्या खणात काळ्या जमिनीवर चांदीचा उभा सिंह, आणि दोन्ही ठिकाणी कोपऱ्यात चांदीच्या कँटनवर लाल क्रॉस. हा कँटन सतराव्या शतकातल्या सर विन्स्टन चर्चिलला राजाच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल मिळालेला. दुसऱ्या महायुद्धातला पंतप्रधान त्याच्याच नावाचा, त्याच्याच वंशातला. कँटन दोनदा आहे, म्हणून तो चर्चिलच्या ढालीचा. याच ढालीवर वर मधोमध एक छोटी ढाल ठेवलेली आहे: सेंट जॉर्जचा लाल क्रॉस आणि त्याच्यावर फ्रान्सची निळी ढाल, तीन सोनेरी लिलींसह. ती पहिल्या ड्यूकने 1704 मध्ये ब्लेनहाइमला फ्रेंचांचा पाडाव केला त्याची भर. ती एकदाच आहे, म्हणून संपूर्ण ढालीची.

खरा चकवा दुसऱ्या आणि तिसऱ्या खणात आहे. तिथे स्पेन्सरची ढाल, आणि ती स्वतःच चार खणांची: चांदी, लाल, लाल, चांदी, लाल खणांत सोनेरी जाळीदार गाठ, सगळ्यावरून काळा तिरका पट्टा आणि त्यावर तीन शिंपले. नवखा माणूस म्हणेल, इथे आणखी चार घराणी दिसतात. नाही. स्पेन्सरची ढाल मुळातच क्वार्टरली रंगवलेली आहे, एकाच घराण्याची एक ढाल. वरून जाणारा काळा पट्टा हा त्याचा पुरावा, कारण तो चारही खणांवरून एकसंध जातो. खण वारशाचे आहेत की नुसते नक्षीचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. डायना स्पेन्सर याच घराण्यातली. तिच्या मुलांच्या ढालींवर जे लाल शिंपले आले ते इथूनच गेलेले.

वारशाची क्वार्टरिंग, म्हणजे वारशाने आलेल्या ढाली खणाखणांत मांडणे, सुरू झाली स्पेनमध्ये. कास्तील आणि लेओन ही राज्ये 1230 मध्ये तिसऱ्या फर्नांदोकडे एकत्र आली आणि किल्ला, सिंह, सिंह, किल्ला अशी चार खणांची ढाल तयार झाली. त्याची मुलगी एलेनॉर पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या पहिल्या एडवर्डला दिली होती. वेस्टमिन्स्टरमधल्या तिच्या थडग्यावर ही ढाल आहे. पुढे तिसऱ्या एडवर्डने 1340 मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला तेव्हा त्याने हीच पद्धत उचलली, आणि पहिल्या खणात फ्रान्सच्या लिली घातल्या, स्वतःचे सिंह दुसऱ्यात. दावा मोठ्या राज्याचा, म्हणून मानाचा कोपरा त्याला. फ्रान्स कधी हाती राहिले नाही, पण लिली इंग्लंडच्या ढालीवरून उतरल्या त्या थेट 1801 मध्ये.

सामान्य घराण्यांत खण वाढतो तो लग्नामुळे, पण प्रत्येक लग्नामुळे नाही. बायकोला भाऊ असतील तर नवरा-बायकोच्या ढाली शेजारी शेजारी, पर पेल रेघेने जोडतात, नवऱ्याची डेक्स्टरला. मुलांना मात्र वडिलांचीच ढाल. बायको वारस असेल, म्हणजे भाऊ नसतील किंवा त्यांचा वंश खुंटला असेल, तर तिची छोटी ढाल नवऱ्याच्या ढालीच्या मध्यावर ठेवतात आणि मुलांना तिच्या घराण्याचा खण मिळतो. असे पिढ्यान्पिढ्या वारसदारणी शोधून लग्ने केली की काय होते, ते इंग्लंडच्या ग्रेनव्हिल घराण्याने दाखवून दिले आहे: 719 खणांची ढाल. मी ती भिंगाशिवाय वाचणारा माणूस अजून पाहिलेला नाही. तीनच घराणी असतील तर पहिली ढाल चौथ्या खणात परत घेतात, कारण रिकामा खण ठेवत नाहीत.

पर पेल जोडण्याची एक जुनी, ओबडधोबड रीत होती, डिमिडिएशन नावाची. दोन्ही ढाली मधोमध उभ्या कापायच्या आणि अर्धी-अर्धी चिकटवायची. ग्रेट यारमथ या इंग्लिश बंदराने राजाचे तीन सिंह आणि आपले तीन हेरिंग मासे असे जोडले. तेव्हापासून त्यांच्या ढालीवर पुढून सिंह आणि मागून मासा असलेले तीन प्राणी आहेत. अशा गफलतींमुळेच पुढे दोन्ही ढाली पूर्ण काढून अरुंद करून बसवायची पद्धत आली. जुनी रीत एका ठिकाणी शिल्लक राहिली: जोडलेल्या ढालीला किनार असेल तर मधल्या रेघेजवळ ती किनार काढत नाहीत. क्वार्टरिंगमध्ये मात्र किनार चारही बाजूंनी पूर्ण. एवढ्या एका खुणेवरूनही ढाल लग्नाची की वारशाची, हे पुष्कळदा कळते.

बाकीच्या विभागण्या वाचायला सोप्या आहेत. मध्यावरून आठ त्रिकोणी फाका फिरवल्या की गायरनी. स्कॉटलंडचे कॅम्पबेल सोनेरी-काळे तसे लावतात. कापायची रेघ सरळच हवी असेही नाही. ती लाटांची, करवतीच्या दात्यांची किंवा तटबंदीच्या खाचांची असू शकते, आणि रेघ बदलली की ढाल वेगळी झाली. म्हणून झिजलेल्या चांदीवर रेघ सरळ ‘वाटते’ एवढ्यावर निर्णय देऊ नये.

तीन भागांची विभागणी इंग्लंडमध्ये फारशी रुजली नाही, युरोपात बाकीकडे रुजली, आणि तिचा एक नमुना आपल्या गोव्याचा आहे. पोर्तुगालने 1935 मध्ये आपल्या सगळ्या वसाहतींना एका साच्यातल्या ढाली दिल्या. तळाचा भाग वक्र रेघांनी टोक होत वर मध्यापर्यंत चढतो, आणि वर दोन कोपरे उरतात. डेक्स्टरला पोर्तुगालच्या पाच निळ्या ढाली, तळाला पांढऱ्यावर हिरव्या लाटा. हे दोन्ही सगळ्यांना समान. सिनिस्टर कोपरा तेवढा ज्याचा त्याचा. मकाऊला तिथे ड्रॅगन, आणि गोव्याच्या ढालीत सेंट कॅथरीनचे चाक, कारण आल्बुकेर्कने गोवा घेतले तो 25 नोव्हेंबर 1510 हा तिच्या सणाचा दिवस. मालकाची खूण मानाच्या बाजूला आणि मुलखाची दुसऱ्या बाजूला, एवढी मांडणी कळली की बाकी काही सांगावे लागत नाही. वसई आणि रेवदंड्याच्या किल्ल्यांत दगडात कोरलेल्या पोर्तुगीज ढाली आहेत, पण त्या याच्या कितीतरी आधीच्या. त्यांत हा 1935 चा साचा शोधू नका.

ट्रेबद्दल विकणारे सांगत नाहीत अशी एक गोष्ट. चांदीवरच्या छापात वर्षाचे अक्षर असते, त्यावरून भांडे कधीचे ते कळते. कोरीवकाम कधीचे ते कळत नाही. जुना मालक गेला की त्याची ढाल घासून नवी कोरणे सर्रास चालत असे. ट्रेच्या मध्यावर तोंडाची वाफ सोडा; आधी पुसलेल्या रेघा असतील तर क्षणभर उमटतात. चिमटीत धरून मधली जागा कडेपेक्षा पातळ लागते का तेही बघा. दोन्ही खुणा मिळाल्या, तर ढालीवरून ट्रेचे वय काढू नका आणि ट्रेवरून ढालीचे.

शेवटचा प्रश्न नौदलाच्या ध्वजाचा. होय, कँटन तिथे ढालीवरूनच आला. ध्वजाची काठीकडची बाजू म्हणजे ढालीची डेक्स्टर, त्यामुळे मानाचा कोपरा काठीच्या वरच्या बाजूला. फरक असा, की ध्वजावर कँटन आणि क्वार्टर यांचा काटेकोर भेद कोणी पाळत नाही. ब्रिटिश जहाजांच्या ध्वजावर युनियन जॅक चांगला पाव भाग व्यापतो, तरी त्याला कँटनच म्हणतात. अमेरिकेच्या ध्वजात ताऱ्यांचा निळा भाग तेरा पट्ट्यांपैकी सात पट्ट्यांच्या उंचीचा आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त, तोही कँटनच. अर्थ मात्र ढालीवरचाच टिकला: कोपऱ्यात कोणाचे चिन्ह आहे, त्याची सत्ता.

भारतीय नौदलाने 1950 मध्ये ब्रिटिश नमुना ठेवून फक्त कोपऱ्यात तिरंगा आणला. पांढऱ्यावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस तसाच राहिला. 2001 मध्ये तो काढला, 2004 मध्ये मध्यभागी राजमुद्रेसह परत आला, आणि 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला विक्रांत जहाज नौदलात आले त्या दिवशी कायमचा गेला. आता कँटनमध्ये तिरंगा आहे आणि पांढऱ्या भागावर निळा अष्टकोन, दुहेरी सोनेरी कडांचा. ही कड शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली. अष्टकोनात नांगरावर अशोकस्तंभाचे सिंह आणि त्यांच्यामागे, ‘शं नो वरुणः’ या वचनासह, एक ढाल आहे. ती कापलेली नाही आणि तिच्या कोपऱ्यात काहीही ठेवलेले नाही.